कोरी जागा कायदा भरतो: छोट्या कला-व्यावसायिकांनी करार कसा लिहावा

दादरच्या एखाद्या कार्यालयात तुम्ही लग्नाचे फोटो काढले, पैसे घेतले, अल्बम दिला. हक्कांबद्दल कुठेच काही लिहिले नाही. त्या फोटोंच्या कॉपीराइटचे पहिले मालक कोण? कायद्याने, ज्यांनी पैसे देऊन काम सांगितले ते, म्हणजे लग्नघर. तेच फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचे तर परवानगी तुम्हाला मागावी लागेल.

आता त्याच दादरमध्ये एका मसालेवाल्यासाठी तुम्ही लोगो काढून दिलात. इथेही पैसे घेतले आणि काही लिहिले नाही. इथे उलट होते. कॉपीराइट साधारणपणे तुमच्याकडेच राहतो, आणि पाकिटापासून टेम्पोपर्यंत सगळीकडे तो लोगो छापणाऱ्या मसालेवाल्याला हे ठाऊकही नसते. दोन्ही ठिकाणी दोन्ही बाजू गप्प होत्या, म्हणून कायद्याने आपले उत्तर भरले.

मुंबईत डिझायनर, फोटोग्राफर, केक करणाऱ्या, दागिने घडवणाऱ्या, रांगोळी-सजावट करणाऱ्या अनेकांचे काम व्हॉट्सॲपवरच ठरते. तोंडी ठरलेलाही बहुधा करार असतोच. भारतीय करार कायदा १८७२ मधला आहे आणि त्याच्या दहाव्या कलमाला हवे ते एवढेच: सज्ञान व शुद्धीवरची माणसे, मोकळी संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू. कागद नसला तरी करार होतो. पण न बोललेल्या गोष्टी कायदा स्वतःच्या मापाने भरतो, आणि ते माप दर वेळी तुमच्या सोयीचे नसते. म्हणून करार लिहिताना मी प्रत्येक मुद्द्यावर आधी एकच गोष्ट बघते: ही जागा कोरी सोडली तर कायदा इथे काय लिहील?

पहिली पायरी: समोर नक्की कोण आहे

काम सांगणारा माणूस आणि पैसे देणारा माणूस अनेकदा वेगळे असतात. लग्नाची सजावट इव्हेंटवाल्याने सांगितली, बिल मात्र नवरीच्या वडिलांच्या नावे मागितले, तर पैसे अडकल्यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. करारात एकाचेच नाव देणेकरी म्हणून घाला. दुसरा मध्यस्थ असेल तर तसे लिहा.

प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, धंदा असेल तर धंद्याला मालकापासून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. म्हणून फक्त दुकानाचे नाव न लिहिता मालकाचे नाव, पत्ता आणि पॅन लिहा. कंपनी असेल तर नोंदणी क्रमांक आणि सही करणाऱ्याचे पद हवे. समोर भागीदारी संस्था असेल, किंवा तुम्हीच मैत्रिणीबरोबर भागीदारीत स्टुडिओ चालवत असाल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भागीदारी कायदा १९३२ च्या ६९व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला बाहेरच्या माणसावर कराराच्या आधारे दावा लावता येत नाही. पैसे तुमचे, करार लिहिलेला, आणि तरी कोर्टाचे दार बंद. मैत्रीत स्टुडिओ सुरू करणाऱ्यांनी हे काम पहिल्याच महिन्यात उरकावे.

अल्पवयीन मुलाबरोबर केलेला करार शून्य असतो. लहान मुलांचे कपडे विकणाऱ्यांनी फोटोशूटसाठी पालकांची सही घेतलीच पाहिजे.

दुसरी पायरी: काम किती, आणि ते संपले कधी

'लोगो आणि थोडे सोशल मीडियाचे काम' हे कामाचे वर्णन झाले नाही. संख्या लिहा. लोगोचे तीन पर्याय, निवडलेल्या एका पर्यायावर दोन वेळा करेक्शन, शेवटी कोणत्या स्वरूपात कोणत्या फाइल. फोटोग्राफर असाल तर किती तास, किती कॅमेरे, एडिट केलेले फोटो किती, अल्बमची पाने किती, रॉ फोटो देणार की नाही. केक असेल तर वजन, मजले, फुले खरी की साखरेची, पोहोचवणार कोण, आणि टॅक्सीत ठेवल्यानंतरची जबाबदारी कोणाची.

करेक्शनची व्याख्याही लिहून टाका, भांडण तिथेच होते. रंग, अक्षराचा आकार, मजकुरातला बदल हे करेक्शन. 'आता वेगळ्या कल्पनेवर करून बघू या' हे नवे काम, आणि त्याचे नवे पैसे. असे लिहिता येईल:

'मंजूर केलेल्या पर्यायात दोन वेळा बदल फीमध्ये धरले आहेत. त्यापुढील प्रत्येक बदलासाठी ठरलेल्या दराने वेगळे बिल होईल. मंजूर पर्याय सोडून नव्या कल्पनेवर काम सांगितल्यास ते नवे काम समजले जाईल.'

ग्राहकाची बाजूही कामातच येते. मजकूर, उत्पादनांचे फोटो, मापे त्याने कधी द्यायची? त्याला उशीर झाला तर तुमची तारीख तेवढ्याच दिवसांनी पुढे जाईल, हे एक वाक्य गणपतीच्या किंवा दिवाळीच्या हंगामात फार उपयोगी पडते. आणि मंजुरीची मुदत घाला: 'फाइल पाठवल्यापासून सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम मंजूर झाले असे धरले जाईल.' हे नसले तर काम संपल्याचा दिवस कोणालाच दाखवता येत नाही, आणि शेवटचा हप्ता त्या दिवसावर टांगलेला असतो.

छपाईला जाणाऱ्या कामात मजकुराची अंतिम तपासणी ग्राहकाची, हेही लिहा. पत्रिकेवर मुहूर्ताची वेळ चुकली आणि हजार प्रती छापून झाल्या, तर ती छपाई कोणाच्या खिशातून जाणार हे आधी ठरलेले बरे.

तिसरी पायरी: पैसे

ॲडव्हान्स, मधला हप्ता, शेवटचा हप्ता. शेवटचा हप्ता ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) किंवा माल हातात देण्याआधी. हा क्रम मुंबईत सगळ्यांना माहीत आहे, कागदावर मात्र थोडेच आणतात. फी जीएसटी धरून की सोडून, हे स्पष्ट लिहा. आज तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल (सेवांसाठी ती वर्षाला २० लाख रुपये आहे), पण वर्षाच्या मध्ये मर्यादा ओलांडली तर १८ टक्के कोण भरणार? 'लागू असल्यास जीएसटी वेगळा' एवढे चार शब्द पुरतात. कंपन्या व्यावसायिक फीवर टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो तुमच्याच नावे जमा होतो. त्यामुळे बिलाची रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम वेगळी दिसली म्हणून ग्राहकाशी वाद घालण्याआधी आयकराच्या पोर्टलवर कापलेला कर बघा.

आता उशिराचे बोलू. इथे छोट्या व्यावसायिकाच्या बाजूने एक दणकट कायदा उभा आहे आणि तो फार कमी कलाकार वापरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मधला आहे. सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर तुमचा माल किंवा सेवा घेणाऱ्या धंद्याला ठरलेल्या तारखेला पैसे द्यावेच लागतात, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडे ठरवताच येत नाही. काहीच ठरले नसेल तर मुदत १५ दिवसांची. म्हणजे कोरी जागा इथे तुमच्या बाजूने भरली जाते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. कंपनीच्या करारात '९० दिवसांनी पैसे' असे छापलेले असले तरी कायदा त्यावर मात करतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही अशी तरतूद आली की सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे या मुदतीत दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंतही थकले, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरता येत नाही. त्यामुळे मार्चच्या आधी कंपनीच्या अकाउंट्स विभागाला तुमचा उद्यम क्रमांक पाठवलात की उत्तर लवकर येते.

उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून दूर राहा. नोंदणी काम घेण्याआधी करा. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी जुन्या कामाला उपयोगी पडत नाही. क्रमांक कोटेशनवर, करारात आणि प्रत्येक बिलावर छापा.

काम रद्द झाले तर? 'ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' हे वाक्य बहुतेकांच्या बिलावर असते आणि ते जितके वाटते तितके भक्कम नाही. करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा ठरते. त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई कोर्ट देते. ग्राहक घरगुती असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागण्याची सोयही आहे. म्हणून टप्पे लिहा. लग्नाच्या नव्वद दिवस आधी रद्द केले तर इतके परत, तीस दिवस आधी इतके, सात दिवसांच्या आत काही नाही, आणि कारणही एका ओळीत: ती तारीख राखून ठेवल्याने दुसरे काम नाकारले जाते. असा मजकूर वाजवी दिसतो आणि टिकतोही.

चौथी पायरी: हक्क

ही पायरी मी सगळ्यात मोठी ठेवली आहे, कारण कलेच्या धंद्यात माल विकला जातो एकदा आणि हक्क कमावत राहतो पुढची अनेक वर्षे. आपल्याकडे कॉपीराइट कलाकाराच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचाही तसाच.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या १७व्या कलमाचा साधा नियम: ज्याने निर्माण केले तो पहिला मालक. त्याला दोन मोठे अपवाद आहेत. छायाचित्र, पेंटिंग, पोर्ट्रेट, एन्ग्रेव्हिंग किंवा चित्रफीत कोणी पैसे देऊन करवून घेतली, तर करवून घेणारा पहिला मालक. आणि नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा. दोन्ही अपवाद 'उलट करार नसेल तर' या अटीवर चालतात. म्हणजे फोटोग्राफरला एका वाक्यात सगळे फिरवता येते: 'सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकाला घरगुती वापरासाठी, छापण्यासाठी आणि आपल्या सोशल मीडियावर टाकण्यासाठी कायमचा परवाना आहे.'

पण मग घरच्यांच्या खासगीपणाचे काय? त्यांना आपल्या मुलीचे फोटो तुमच्या जाहिरातीत नको असतील, तर ती इच्छा योग्य आहे आणि करारात तिला जागा हवी. पोर्टफोलिओसाठी वापर चालेल का, चालला तर कोणते फोटो, नावे टाकायची की नाही, लहान मुलांचे चेहरे वगळायचे का, असे पर्याय देऊन त्यावर खूण करून घ्या. परवानगीला थोडी सूट जोडणारे फोटोग्राफर आहेत आणि तो प्रामाणिक सौदा आहे.

डिझाइन, इलस्ट्रेशन, मजकूर, संगीत यांत प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. ग्राहक म्हणतो, 'सगळे हक्क आमचे.' इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क कायमचे सोपवणे ही एक, ठरावीक वापराचा परवाना ही दुसरी. लोगो सोपवावा, माझे मत अगदी स्पष्ट आहे. लोगो ग्राहकाच्या ट्रेडमार्कचा भाग होतो आणि तो दुसऱ्याच्या हाती ठेवून कोणी धंदा उभारू शकत नाही. पण एखाद्या कॅलेंडरसाठी काढलेली बारा चित्रे सोपवू नका. कॅलेंडरपुरता, एका वर्षापुरता परवाना द्या. उद्या त्यांनी तीच चित्रे मगवर, टी-शर्टवर छापायची ठरवली तर त्याची फी वेगळी.

हक्क सोपवायचे असतील तर १९वे कलम वाचूनच पेन उचला. सोपवणी लेखी हवी, सोपवणाऱ्याची सही हवी, कोणते काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात हे लिहिलेले हवे. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. घेणाऱ्याने एका वर्षात ते हक्क वापरलेच नाहीत तर १९(४) प्रमाणे सोपवणी संपते, करारात वेगळे लिहिले नसेल तर. कंपन्यांच्या वकिलांना हे पाठ असते. म्हणून त्यांच्या मसुद्यात 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगात, १९(४) लागू होणार नाही' असे छापलेले दिसते. ते दिसले की थांबा आणि त्या रुंदीचे पैसे मिळताहेत का बघा. 'आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत' हेही असेच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कराराच्या वेळी व्यावसायिक वापरातच नसलेले माध्यम, त्याचा खास उल्लेख केल्याशिवाय सोपवणीत येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी तुमचे काम वापरायचे की नाही, हेही आता सरळ शब्दांत लिहून टाकण्याचे दिवस आले आहेत.

सोपवणी कधी लागू होते याची तारीख पैशांशी बांधा:

'पूर्ण फी मिळाल्याच्या तारखेपासून अंतिम लोगोचा कॉपीराइट कायमस्वरूपी व जगभरासाठी ग्राहकाकडे जाईल. न निवडलेले पर्याय, रेखाटने आणि ओपन फाइल डिझायनरकडे राहतील. डिझायनर हे काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवू शकेल.'

एक हक्क मात्र विकला तरी उरतो. ५७व्या कलमाने कलाकाराला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कामाची मोडतोड रोखण्याचा अधिकार दिला आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे म्युरल दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकले गेले, तुकडे झाले. कॉपीराइट सरकारकडे होता. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्युरलचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. एका कलाकाराने इतकी वर्षे लढून मिळवलेला हा निकाल प्रत्येक भिंतचित्र करणाऱ्याला माहीत असावा. सोसायटीच्या भिंतीवर, कॅफेत, शाळेत चित्र काढताना 'चित्र काढून टाकायचे असल्यास तीस दिवस आधी कळवावे आणि फोटो घेऊ द्यावेत' ही अट घाला. समोरचे सहसा नाही म्हणत नाहीत.

दागिने, कापडावरचे ठसे, भांडी करणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. जे डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येते पण नोंदवलेले नाही, त्याच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढल्या की त्यातला कॉपीराइट संपतो. एकाच नक्षीचे शंभर तुकडे काढणार असाल तर ती बाजारात आणण्याआधी नोंदणीचा विचार करा, कारण आधी प्रसिद्ध झालेले डिझाइन नोंदले जात नाही. ट्रेडमार्कचे काम मुंबईतच होते, ट्रेडमार्क नोंदणीचे मुख्य कार्यालय अँटॉप हिलला आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो.

पाचवी पायरी: तुमच्या हाताखालची माणसे

जे तुमच्याकडे नाही ते तुम्ही ग्राहकाला देऊ शकत नाही. कामाचा एक भाग फ्रीलान्स इलस्ट्रेटरकडून करून घेतला आणि तिच्याकडून लेखी सोपवणी घेतली नाही, तर तुमच्या करारातले 'सर्व हक्क ग्राहकाला' पोकळ ठरते. फ्रीलान्सर नोकर नसते, त्यामुळे नोकरीचा अपवाद इथे लागत नाही. इंटर्नचेही तेच धरून चाला. एक पानी कागद पुरतो: काम, पैसे, तारीख, हक्क, श्रेय. श्रेय विसरू नका. नवख्या मुलांना पैशाइतकेच नाव लागते आणि ते देण्याला काही खर्च येत नाही.

काम सोडल्यावर दोन वर्षे कुणासाठीच असे काम करायचे नाही, अशी अट अनेक जण इंटरनेटवरून उचलतात. करार कायद्याच्या २७व्या कलमाने ती शून्य आहे. गुप्ततेची अट मात्र चालते: ग्राहकांची यादी, दर, अजून प्रसिद्ध न झालेली डिझाइन बाहेर न्यायची नाहीत.

धारावीतल्या चामड्याच्या कारागिराबरोबर किंवा घरी बसून भरतकाम करणाऱ्या ताईंबरोबर करार असेल, तर तो त्यांना वाचता येईल अशा भाषेत करा. करार इंग्रजीतच हवा असा कुठलाही कायदा नाही. मराठीतला, हिंदीतला करार तितकाच पक्का. नगाला दर, कच्चा माल कोणाचा, खराब निघालेल्या नगाचे काय, पैसे कोणत्या वारी, एवढे लिहून मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या. न समजलेल्या कागदावर घेतलेली सही म्हणजे मोकळी संमती नव्हे.

दुकानात ठेवलेला माल

काळा घोडा किंवा वांद्र्याच्या दुकानात विक्रीसाठी माल ठेवता तेव्हा माल विकला जाईपर्यंत मालकी तुमची, हे लिहून घ्या. सराफ बाजारात अशा मालाला जांगड म्हणतात आणि जांगडाची चिठ्ठी घेतल्याशिवाय तिथे नग हलत नाही. ती शिस्त आपणही घ्यावी: नगांची यादी किमतीसह, दुकानाचे कमिशन, हिशेब दर महिन्याच्या कोणत्या तारखेला, चोरी किंवा पावसाने नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, न विकलेला माल किती दिवसांत परत. मुदत लिहाच. पसंतीवर परत करण्याच्या बोलीने दिलेला माल मुदतीपलीकडे, आणि मुदत नसेल तर 'वाजवी काळा'पलीकडे, ठेवून घेतला की मालवस्तू विक्री कायद्याने मालकी घेणाऱ्याकडे जाते. वाजवी काळ म्हणजे किती, यावर वकील वर्षभर भांडू शकतात.

कंपनीचा छापील करार आला तर

वीस पानी इंग्रजी करार सहीसाठी आला की सगळा वाचा, पण चार ठिकाणी पेन्सिल ठेवा. नुकसानभरपाईची हमी: तिला 'मिळालेल्या फीएवढ्या रकमेपर्यंत' अशी मर्यादा मागा. रद्द करण्याचा हक्क: फक्त त्यांना असेल तर दोघांना करा आणि झालेल्या कामाचे पैसे मिळतील असे लिहा. हक्कांची रुंदी वर आलीच आहे. चौथे, लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी वाद सोडवणारा खासगी पंच. लवाद त्यांचा संचालक नेमणार असे असेल तर बदल सुचवा. ज्याचा वादात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले आहे. छोट्या रकमांना लवादाचा खर्च परवडत नाही, तिथे मी 'मुंबईतील न्यायालये' एवढेच लिहिणे पसंत करते.

'आमचा स्टँडर्ड फॉर्मॅट आहे, बदलत नाही' हे ऐकले तरी घाबरू नका. नम्रपणे मेल लिहा, बदल क्रमांक घालून मागा. चारातले दोन मिळतात. आणि त्यांच्या अटींची पर्चेस ऑर्डर आली असताना काही न बोलता काम सुरू करू नका. काम सुरू करणे म्हणजेच अटी मान्य करणे असा अर्थ लागतो.

सही, स्टॅम्प आणि व्हॉट्सॲप

नोटरी बहुतेक कामाच्या करारांना लागत नाही. साक्षीदारही सक्तीचे नाहीत, असले तर चांगले. दोघांनी प्रत्येक पानावर सही करावी. आधारवर आधारित ई-साइन चालते आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक कराराला मान्यता देतो. ईमेलवर अटी मान्य झाल्या आणि औपचारिक कागदावर सही राहून गेली, तरी करार झालेला असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसे मानले आहे.

मुद्रांक शुल्क वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याखाली साध्या कराराचे किमान शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून १०० चे ५०० रुपये झाले. काही करारांना रकमेच्या प्रमाणात शुल्क लागते, म्हणून मोठ्या रकमेच्या किंवा हक्क कायमचे सोपवणाऱ्या कागदाचे शुल्क वकिलाकडून तपासून घ्या. स्टॅम्प सहीच्या आधी, त्याच दिवशी किंवा लगेच पुढच्या कामाच्या दिवशी भरायचा. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. प्रत्येक वीस हजाराच्या कामाला ५०० रुपये जड वाटत असतील, तर नेहमीच्या ग्राहकाबरोबर वर्षाचा एकच मूळ करार स्टॅम्पवर करा आणि प्रत्येक कामाचा तपशील त्याला जोडलेल्या मेलने ठरवा.

व्हॉट्सॲपवर ठरलेले टाकाऊ नाही. कोर्टात पुरावा म्हणून देताना त्याला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या ६३व्या कलमाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. गायब होणारे संदेश बंद ठेवा, चॅट मेलवर काढून ठेवा, जुना फोन विकण्याआधी विचार करा. फोनवर बोलणे झाले की लगेच लिहा: 'आज आपले ठरले ते असे...' समोरच्याच्या 'ओके'ला वजन असते.

स्टुडिओसाठी खोली घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५व्या कलमाने नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते.

पैसे अडकले तर

क्रम ठेवा. आधी बिल, करार आणि मंजुरीचा मेल जोडून लेखी आठवण. मग वकिलाची नोटीस. समोर धंदा असेल आणि तुमची उद्यम नोंदणी कामाआधीची असेल, तर तक्रार ऑनलाइन दाखल करून सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जा. परिषद पुरवठादाराच्या गावची असते, खरेदीदार गुरगावचा असला तरी. आधी समेट, तो फसला तर लवाद. निकालाला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे निव्वळ वेळ काढण्यासाठी कोर्टात जाणे परवडत नाही.

समोर घरगुती ग्राहक असेल तर ही वाट नाही. तिथे लेखी करारात ठरलेल्या रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७व्या आदेशाखाली समरी दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडायलाही आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. चेक परत आला असेल तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नंतर पैसे भरायला १५ दिवस, तेही गेले की एक महिन्यात तक्रार. या तारखा कॅलेंडरवर लावा, एक चुकली तरी खटला अडचणीत येतो. पैशांच्या दाव्याची साधारण मुदत तीन वर्षे. 'देतो, देतो' ऐकण्यात ती सरते, म्हणून थकबाकी मान्य असल्याचे सही केलेले पत्र मिळवा. मुदत संपण्याआधी मिळाले तर त्या तारखेपासून तीन वर्षे पुन्हा मोजली जातात.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मिळते. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा क्रमांक १५१००.